नव्या टीम लीडकडे लोक काय बघतात: रजा, रविवार आणि कामाची वाटणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मालाडला एका पेमेंट कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये मी नऊ वर्षं काम करते. आता त्याच टीमची लीड म्हणून माझी नेमणूक झाली आहे, टीममध्ये अकरा जण आहेत. त्यातले एक सिनियर ५१ वर्षांचे, मला काम त्यांनीच शिकवलं, आणि ही जागा त्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. माझी सगळ्यात जवळची मैत्रीणही याच टीममध्ये आहे. १ जुलैपासून चार्ज घ्यायचा आहे. सुरुवात नीट कशी करू?’

मनापासून अभिनंदन. मी बँकेच्या ऑपरेशन्समध्ये सत्तावीस वर्षं आहे आणि त्यातली एकोणीस वर्षं वेगवेगळ्या टीम सांभाळण्यात गेली. प्रत्येक टीममध्ये पहिल्या दिवशी मी चार शब्द बोलले. ते शब्द आज कोणालाही आठवत नाहीत, मलाही नाहीत. पण पहिल्या महिन्यात मी कोणाची रजा मंजूर केली, रविवारची शिफ्ट कोणाच्या गळ्यात घातली, कटकटीचं काम कोणाच्या टेबलावर सरकवलं आणि चूक झाली तेव्हा साहेबांसमोर कोणाचं नाव घेतलं, हे लोक आजही सांगतात. म्हणून तुम्हाला मी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगेन: वाटणी. कालपर्यंत तुम्ही तुमच्या वाटणीचं काम करत होतात, १ जुलैपासून वाटणी तुमच्या हातात येते. ती सरळ आहे की नाही हे टीम अगदी बारकाईने बघणार आहे.

आणि पहिली वाटणी कॅलेंडरनेच तुमच्या पुढ्यात आणून ठेवली आहे. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे ११-१२ सप्टेंबरला कोकणात निघणाऱ्या माणसाला १३-१४ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसावं लागणार. कोकणकन्या, तुतारी, मांडवी बघता बघता भरतात. तोवर आपल्याला रजा मिळणार की नाही हे त्याला पक्कं माहीत हवं. तुम्ही चार्ज घेतल्यापासून ते तिकीट उघडेपर्यंत जेमतेम बारा दिवस आहेत. ‘आधी जरा रुळते, मग रजांचं बघते’ असं म्हणालात, तर दोन-तीन माणसं उभ्याने कोकणात जातील किंवा जाणारच नाहीत, आणि त्यांच्या घरातल्या प्रत्येकाला तुमचं नाव कळेल.

पहिल्याच आठवड्यात एक शीट करा, सगळ्यांना दिसेल अशी. घरी गणपती कोणाकडे आहे, दीड दिवसाचा की पाच दिवसांचा की गौरींबरोबर जाणारा, कोणाला कोणत्या तारखा हव्यात, आणि गेल्या तीन वर्षांत कोण गेलं, कोणाला थांबावं लागलं. ही शेवटची माहिती फार मोलाची आहे, ती जुन्या लीडकडून किंवा एचआरच्या रेकॉर्डमधून आधीच काढून घ्या, कारण आठवणीवर गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. मग काम चालवायला कमीत कमी किती माणसं लागतात तो आकडा लिहा. दिवाळी, ईद, छठ, ओणम, नाताळ यांच्या रजाही त्याच शीटवर घ्या. गणपतीत थांबणाऱ्याला त्याच्या सणाची रजा आजच लिहून मिळाली, तर तो खुशीने थांबतो. नुसतं ‘नंतर बघू’ म्हटलं तर थांबतो, पण मनात ठेवून.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे कारण इथेच माझी मोठी चूक झाली होती. मी पहिल्यांदा लीड झाले तेव्हा फोर्टमधल्या एका बँकेच्या क्लिअरिंग विभागात आम्ही नऊ जण होतो. माझी मैत्रीण चहा घेताना म्हणाली, ‘गणपतीला पाच दिवस जाऊ ना गं?’ मी म्हटलं, ‘जा.’ कागदावर काहीच नाही. आठवड्याने कणकवलीचे एक सहकारी रीतसर अर्ज घेऊन आले. त्यांच्याकडे चार भावांत पूजेची पाळी फिरते, आणि त्या वर्षी पाळी त्यांची होती. मी माणसं मोजली, कमी पडत होती. मी म्हटलं, ‘या वेळी नाही हो जमणार.’ ते ‘बरं’ म्हणाले. अर्जाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. चतुर्थीला ते रोजच्या वेळेवर आले. दुपारी त्यांना घरून फोन आला. खिडकीकडे तोंड करून, फोन कानाला लावून ते बराच वेळ उभे होते, एक शब्द न बोलता. गावाकडे आरती चालू होती आणि घरच्यांनी फोन देवासमोर धरला होता.

मला कोणी काही बोललं नाही. पण पुढचे सात-आठ महिने मी काहीही सांगितलं की लोक आधी एकमेकांकडे बघायचे आणि मग हो म्हणायचे. पुढच्या वर्षी मी रजेचा तक्ता भिंतीवर लावला, त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं आणि सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं, ‘गेल्या वर्षी तुमच्यावर अन्याय झाला आणि तो मी केला.’ त्यानंतर हळूहळू ते एकमेकांकडे बघणं थांबलं. पण ते एक वर्ष माझ्या हातून गेलं ते गेलंच.

आता तुमच्या सिनियरांविषयी. त्यांच्याशी १ जुलैच्या आधी बोला, आणि एकट्याने बोला. कँटीनमध्ये किंवा टपरीवर नको, एखादी छोटी मीटिंग रूम घ्या. आजपर्यंत ‘सर’ म्हणत असाल तर यापुढेही ‘सर’च म्हणा. मी असं काहीसं म्हणेन: ‘सर, या जागेसाठी तुमचंही नाव होतं हे मला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटलं असणार. मी जबाबदारी घेतली आहे आणि ती नीट पार पाडणार आहे. टीममधलं कोणतं काम पूर्णपणे तुमच्या हातात असावं असं तुम्हाला वाटतं, ते मला सांगा.’ एवढं बोलून गप्प बसा. ती शांतता अवघड वाटेल, पण ती भरून काढायला जाऊ नका. ते चिडून बोलले तरी ऐकून घ्या. निर्णय तुम्ही घेतलेला नाही, त्यामुळे त्याचं समर्थनही तुम्ही करायचं नाही आणि त्याबद्दल माफीही मागायची नाही. ‘खरं तर तुम्हीच व्हायला हवं होतं’ हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नका. ते ऐकायला नम्र वाटतं, पण त्यातून त्यांची जखम ओली राहते आणि तुमच्या खुर्चीचा पाया तुम्हीच हलवता.

त्यानंतर त्यांना खरोखर काहीतरी द्या. रिकन्सिलिएशनमधल्या, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब जुळवण्यातल्या, महिनोन् महिने पडून राहिलेल्या एन्ट्री सोडवणं, हे काम तीस वर्षांच्या नजरेचं आहे. नवीन मुलांना तयार करणंही तसंच. पण काम देताना अधिकारही द्या, आणि काम फत्ते झालं की साहेबांना जाणाऱ्या मेलमध्ये त्यांचं नाव पहिल्या ओळीत लिहा. मीटिंगमध्ये ते म्हणतील, ‘हे आम्ही आधी करून बघितलंय.’ त्यात टोमणा शोधू नका. ‘तेव्हा काय अडलं होतं, सर?’ असं सरळ विचारा. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा त्यांच्याकडे खरंच उत्तर असतं. ते तुम्हाला ओलांडून थेट साहेबांकडे जायला लागले, तर मात्र त्यांच्याशी भांडू नका. साहेबांना सांगा, की ते आले की ऐकून घ्या, पण निर्णय माझ्याकडे परत पाठवा. हे पहिल्याच वेळी सांगायचं असतं, पाचव्या वेळी सांगून उपयोग नसतो. तीन महिन्यांनीही ते कामात अडथळे आणत असतील तर लेखी, स्पष्ट बोलणं करावं लागेल. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही. माणसाला पद मिळालं नाही याचं दुःख ओसरतं. आपल्याला कामाला नालायक ठरवलं, हे दुःख ओसरत नाही. तसं त्यांना कुठेही वाटू नये, याची काळजी तुम्ही घ्या.

मैत्रिणीचं प्रकरण मला जास्त नाजूक वाटतं. तुमच्या टीमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच ज्यात जुना लीड नव्हता, आणि जिथे त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोललं जायचं. तुम्ही त्यात आहात. १ जुलैच्या आधी स्वतःहून बाहेर पडा, आणि पडताना एक ओळ लिहा: ‘आता हा ग्रुप तुमचा राहू दे, मला काही सांगायचं असेल तर थेट सांगा.’ तुम्ही आत राहिलात तर दोनच गोष्टी होतात. एक तर लोक दुसरा ग्रुप काढतात, किंवा तुमच्यासमोर तोलून मापून बोलतात आणि तुम्हाला वाटत राहतं की सगळं आलबेल आहे. लोकांना लीडच्या पाठीमागे बोलायला एक जागा लागते. ती त्यांना ठेवू द्या.

मैत्रिणीबरोबर डबा खाणं थांबवू नका, ते थांबवलंत तर लोकांना कृत्रिम वाटेल आणि तिलाही लागेल. फक्त तिच्याच टेबलावर रोज बसण्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन दिवस इतरांच्या टेबलावर बसा. तिच्याशी आधीच बोलून घ्या की आता तुम्हाला लोकांची रेटिंग आणि पगारवाढीचे आकडे दिसणार आहेत आणि त्यातलं काहीही तिला कळणार नाही, तिच्या स्वतःच्या आकड्यांशिवाय. आणि आणखी एक, जे बोलायला जड जातं: पहिल्या दोन महिन्यांत दोन सारख्या मागण्या आल्या, एक तिची आणि एक दुसऱ्या कोणाची, तर दुसऱ्याची आधी पुरी करा. हे तिला तुम्ही आधीच सांगितलं असेल तर ती समजून घेईल. न सांगता केलंत तर मैत्री जाईल.

रविवारच्या शिफ्टकडे वळते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू झालं, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. तेव्हापासून पेमेंटच्या धंद्यात रविवार हा कामाचा दिवस झाला, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो यावरून मी भांडणं होताना पाहिली आहेत. रोस्टर बनवताना आपण दिवस मोजतो, प्रवास मोजत नाही. मुंबईत प्रवास मोजावाच लागतो. पनवेलहून येणाऱ्याला हार्बरच्या मेगाब्लॉकच्या रविवारी मालाड गाठायला किती वेळ लागतो, हे मालाडमध्येच राहणाऱ्याला कळत नाही. मेगाब्लॉक कुठे आहे ते रेल्वे आधी जाहीर करते. ते बघून रविवारची अदलाबदल करता येते. डोंबिवलीच्या माणसाला दादरला उतरून गाडी बदलायची असते, विरारवाला चढतो कसा हे त्यालाच ठाऊक. एकदा प्रत्येकाला विचारा, ‘घरातून किती वाजता निघता?’ उत्तरं ऐकून तुम्हाला रोस्टरकडे बघायची नवी नजर येईल. याचा अर्थ लांब राहणाऱ्याला सूट आणि जवळ राहणाऱ्यावर बोजा असा होऊ नये. जवळच्या माणसाने अडीनडीला जास्त वेळा धाव घेतली, तर त्याची नोंद ठेवा आणि त्याला ती परत फेडा.

रात्रीच्या शिफ्टचं काम अंदाजाने करू नका, तिथे कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. संमतीचे कागद जागेवर आहेत का, हे पहिल्या आठवड्यात बघा. रात्रीच्या कॅबची यादीही स्वतः वाचा. ड्रॉपचा क्रम असा लागलेला असतो की शेवटी एकटी मुलगीच गाडीत उरते, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं. तो क्रम बदलून घेणं हे लीड म्हणून तुमचं पहिलं दिसणारं काम ठरू शकतं. एरवी पहिल्या महिन्यात कामाच्या पद्धती बदलायला जाऊ नका. पण जिथे माणसाची सुरक्षितता, कायदा किंवा पैशाची गळती आहे, तिथे वाट बघायची नसते.

याच ओघात: लैंगिक छळाची गोष्ट कोणी तुमच्या कानावर घातली तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवायचा प्रयत्न अजिबात करू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि लेखी तक्रार घटनेपासून साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. तुम्ही गोडीगुलाबीने मिटवत बसलात तर तिची ती मुदत निघून जाईल. समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर आजच लिहून ठेवा, ऐकलेली गोष्ट कोणाशी बोलू नका, आणि तिला वाट दाखवा.

साहेबांशी बोलण्याचं थोडक्यात सांगते. तीन गोष्टी लेखी मागा: कोणते निर्णय तुम्ही न विचारता घेऊ शकता, तीन महिन्यांनी तुम्हाला कोणते आकडे विचारले जाणार आहेत, आणि आधीच्या लीडने कोणाला काय शब्द दिला आहे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. कोणाला बढतीचं, कोणाला शिफ्ट बदलण्याचं, कोणाला गावाजवळच्या ऑफिसात बदलीचं तोंडी आश्वासन दिलेलं असतं. तो शब्द आता तुमच्या नावावर आला. पाळता येणार नसेल तर तसं त्या माणसाला लवकर सांगा.

आणि आता कामाची वाटणी, जिथे चांगल्या कामकरी माणसाचा पाय सगळ्यात जास्त घसरतो. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाच्या शेजारी तासभर बसा आणि नुसतं बघा. नऊ वर्षं त्याच टीममध्ये असूनही तुम्हाला बाजूच्या टेबलावरचं निम्मं काम माहीत नसतं. कोणत्या क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, घड्याळ चालू आहे, म्हणजे मुदत ठरलेली आहे, ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, तर पाच दिवसांची मुदत. असं घड्याळवालं काम बहुतेक टीममध्ये एकाच हुशार माणसाकडे साचलेलं असतं, आणि बिनघड्याळाचं काम जो बोलून दाखवतो त्याच्याकडे. हुशार माणूस तक्रार करत नाही म्हणून त्याच्यावर आणखी टाकलं जातं. दोन वर्षांनी तो राजीनामा देतो तेव्हा सगळे चकित होतात. तुमच्या टीममधला तो माणूस कोण, हे शोधा. कदाचित कालपर्यंत तो माणूस तुम्हीच होतात. तसं असेल तर तुमच्या जागेवरचं काम कोण करणार हे १ जुलैला ठरलेलं हवं, नाहीतर ते तुमच्याच मागे येईल.

म्हणून त्या दिवशी सकाळी पहिला मेल आयटीला करा, तुमचा जुना मेकरचा, म्हणजे एन्ट्री करणाऱ्याचा, आयडी बंद करायला. तुम्हाला आता चेकरचे, म्हणजे एन्ट्री तपासून मंजूर करणाऱ्याचे, अधिकार मिळतील, आणि एकाच माणसाकडे दोन्ही राहिले तर ऑडिटमध्ये ते पहिल्या पानावर येतं. पण माझं कारण दुसरंही आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला क्यू साचलेला दिसेल, नवीन मुलगा गोंधळलेला असेल, आणि तुमचे हात शिवशिवतील, कारण ते काम तुम्ही दहा मिनिटांत उरकू शकता. आयडी बंद असेल तर उरकता येणार नाही. मग त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, कुठे अडलंय ते विचारा, आणि एन्ट्री त्यालाच करू द्या, पाऊण तास लागला तरी.